कोंडाईची न वाकणारी पट्टी

बोरमाळला वेस होती, पण वेशीला अजून दार बसलं नव्हतं, त्या वेळची ही गोष्ट. गावाबाहेर चिंचेखाली कोंडाईचं घर होतं आणि ती वहाणा शिवायची. काही शहाणे सांगतात की शिवायचा तिचा नवरा, ती नुसता दोरा ओढायची. साफ खोटं! नवरा गेला तेव्हा ती विशीत होती आणि ही गोष्ट घडली तेव्हा तिचे केस पिकले होते. मेलेल्या माणसानं वहाणा शिवल्या असतील, तर मग तोच चमत्कार आधी सांगा.

कोंडाई माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही, आधी पायाकडे बघायची, असं म्हणतात. धुळीत उमटलेलं पाऊल बघून ती सांगायची की गेला त्याच्या डोक्यावर ओझं होतं की मनावर.

दसरा झाला की धनगरांची मेंढरं कोकणाकडं निघत आणि वाटेत बोरमाळला तीन दिवस टेकत. त्या धनगरांत सगळ्यात थोर होती म्हातारी मायाक्का. पुढच्या कुठल्या ओढ्याला पाणी असेल, कुठल्या माळावर चारा असेल, सगळं तिच्या डोक्यात. ते साल कोरडं होतं आणि त्याच साली मायाक्का लंगडत आली. उजव्या पायाचा अंगठा जिथं पावलाला जुळतो, तिथं सुपारीएवढी गाठ वर आलेली आणि सांधा आखडून बसलेला.

तिचा लेक धुळा म्हणाला, "आये, यंदा हितंच देवळात ऱ्हा. माघारी येताना न्हेतो."

"आन् पानी कोन दावील? तुझा सासरा?" मायाक्का म्हणाली. मागं राहिलेल्या मेंढराचं काय होतं, ते तिनं जन्मभर पाहिलं होतं.

ती थेट चिंचेखाली आली. "कोंडे, माझी वहाण मऊ कर. ही लोकर घे, माझ्याच मेंढीची हाय."

कोंडाईनं लोकर पिंजली, दाबली आणि वहाणेत अंगठ्याखाली गादी घातली. कुणीही हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहाण हवेतून आली आणि कोंडाईच्या पाठीत बसली.

"रांडे, पाय पार घालवलास माझा! कालच्यापरीस दुप्पट ठनकतोय."

दुसरी कुणी असती तर भांडली असती. कोंडाईला मात्र नवल वाटलं. मऊ गादीवर जास्त का दुखावं? "आक्का, शिव्या मागनं दे. आधी चालून दाव."

तिनं अंगण ओलं सारवलं आणि मायाक्काला त्यावरून चालवलं. स्वतः पालथी पडली, गाल जमिनीला टेकवला आणि डोळे त्या पावलाबरोबर सरकवले. वेशीतली माणसं हसली. "म्हातारी धनगरणीच्या पाया पडती का काय!" कोंडाई ऐकतच नव्हती. एकदा, दहादा, चाळीसदा तिनं ते पाऊल पाहिलं. पाऊल टेकताना मायाक्का गप्प असायची. टाच उचलून अंगठा मागं वाकला, की ती कळवळायची.

"दुखतंय ते टेकण्यात न्हाई, आक्का. वाकण्यात हाय! आन् मी येडीनं त्याला आनिक वाकाय लावलं."

मग तिनं जुन्या मोटेचा तळ काढला. बारा वर्षं विहिरीत बुडून आणि उन्हात वाळून ते चामडं लाकडागत झालं होतं. त्याची पट्टी कापली, टाचेपुढून थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत. भिजवून ती घागरीच्या पोटावर आवळून बांधली, म्हणजे पुढनं जराशी वर वळेल आणि पाऊल न वाकता पुढं लोळेल. पण पट्टी वाळायला दोन दिवस हवेत आणि कळप उद्या निघणार! त्या दिवशी सूर्य चिंचेच्या शेंड्यावर अडकून राहिला, पट्टी खणखणीत वाळली तेव्हाच खाली उतरला, असं म्हणतात.

सकाळी मेंढरं उठली. मायाक्कानं वहाणेत पट्टी घातली, पाय सरकवला आणि वेशीपर्यंत चालत गेली.

"दुखतंय?" कोंडाईनं विचारलं.

"दुखतंय की. पर चालू देतंय."

आणि ती चालली. घाट उतरली, समुद्र बघून आली. वाटेत कोरड्या ओढ्यात तिनं काठी टेकली, तिथं झरा फुटला, असं म्हणतात. झरा फुटला की तिला तो आधीपासून ठाऊक होता, हे मी नाही सांगत. एवढं खरं की कळपातलं एकही कोकरू तहानेनं मेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला मेंढरं आली तेव्हा पाटील वाट बघत उभा होता. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून पहिला मान त्याचा असायचा. मायाक्का त्याच्यासमोरून गेली आणि चिंचेखाली थांबली. "कोंडे, तुझं रान कुठं हाय?"

कोंडाईचं रान म्हणजे मुरमाचा एक तुकडा. तिथं कधी कुणी मेंढरू बसवलं नव्हतं. त्या रात्री तिथं सातशे बसली. पुढच्या साली त्या तुकड्यात उंटावरचा माणूस दिसणार नाही एवढी ज्वारी उठली, असं म्हणतात.

कोंडाई गेली, मायाक्का गेली, वेशीला दार आलं आणि पडलंही. पण बोरमाळला अजून दसऱ्यानंतरची पहिली रात्र मेंढरं कोंडाईच्या तुकड्यातच बसतात. तिथली ज्वारी पाय दुखणाऱ्या वाटसरूंच्या भाकरीसाठी ठेवतात. बाकी पाटील असो की सरपंच, त्यांच्या रानाची पाळी दुसऱ्या दिवशी.