‘लुक इंटू’चा अर्थ

विषय : बढतीच्या तोंडी परीक्षेत ठोंबरेबाईंनी ‘लुक इंटू’ या इंग्रजी क्रियापदाचा सांगितलेला अर्थ.

कनिष्ठ लिपिक कुमुदिनी ठोंबरे यांचे यजमान आणि लेक मेहकरला, आणि बाई नोकरीपायी शंभर कोसांवर. त्यांच्या बदलीच्या अर्जावर सरदेशमुख साहेबांनी गेल्या दिवाळीत ‘लुक इंटू’ असा झोकदार शेरा मारला, आणि तेव्हापासून अर्ज कपाटात विश्रांती घेत होता. परीक्षा घ्यायलाही हेच साहेब बसले होते. शेजारी मुंबईहून आलेले दोन अधिकारी होते, त्यामुळे साहेबांच्या इंग्रजीला विशेष भरती आली होती.

“बोला बाई, ‘लुक इंटू’ म्हणजे काय?”

बाईंनी पदर सावरला. “कागद कपाटात ठेवून देणे, साहेब.”

“साफ चूक!” साहेब पाहुण्यांकडे बघत कडाडले. “जातीने चौकशी करून निकाल लावणे! एवढंही येत नाही?”

“मग साहेब, माझ्या बदलीच्या अर्जावर आपण तेच लिहिलंय. माझं उत्तर चूक असेल, तर आजच निकाल लावा. बरोबर असेल, तर गुण द्या.”

पाहुण्यांनी हसू लपवायला चहाचे कप उचलले. साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि बाईंना पैकीच्या पैकी गुण दिले.

बाई वरिष्ठ लिपिक झाल्या. बदलीचा अर्ज प्रलंबित आहे.