भागूने ओळखलेला वेढा

एका डोंगरी संस्थानात तुकोजी नावाचा नगारची होता. नगाऱ्याने दुपारची झोप मोडते म्हणून राजाने एक दिवस त्याचा शिधा तडकाफडकी बंद केला. चार महिने उलटले, तरी तुकोजीच्या घरी रोज दोन वेळा भाकरी होत होती. ती कुठून येते, हे खुद्द तुकोजीलाही कळेना, आणि बायकोला विचारायचा त्याला धीर होईना.

राजाने नवराबायकोला दरबारात बोलावलं.

"शिधा बंद, तरी चूल पेटते. आमच्या कोठारातून चोरतोस काय?"

तुकोजी गोंधळून बायकोकडे, भागूकडे पाहू लागला. ती पुढे झाली.

"सरकार, गडावर तीन वर्षांचं धान्य भरून ठेवलंय, ते कशासाठी?"

"वेढा पडला तर असावं म्हणून."

"मीही लग्नापासून दर महिन्याच्या शिध्यातला पायलीभर जोंधळा रांजणात टाकत आले. कधीतरी वेढा पडेल हे ठाऊक होतं. तो आमचेच सरकार घालतील, एवढं मात्र वाटलं नव्हतं."

राजाने कारभाऱ्याला चारही महिन्यांचा शिधा नगारच्याच्या घरी पोचवायला सांगितलं.

तुकोजी मात्र वाटभर विचारत होता, "अगं, पण तो रांजण आहे तरी कुठे?"