शलाकाचा घोळ

एकदा एक बेदाण्याचा व्यापारी होता. त्याच्या शीतगृहांत माल इतका, की शेवटच्या खोलीपर्यंत चालत पोहोचेतो पहिल्या खोलीतल्या बेदाण्यांची पुन्हा द्राक्षे झालेली असत, असे लोक सांगत. मी काही चालून पाहिले नाही. लोकांवर विश्वास ठेवला. एवढ्या मालाची याद कुणाच्या डोक्यात मावणार? म्हणून व्यापाऱ्याने आपले स्वतःचे संगणकगृह उभारले होते. कोणत्या बागायतदाराचा बॉक्स कोणत्या खोलीत आहे आणि सौद्यात, म्हणजे लिलावात, तो कुणाकडे गेला, हे सारे तिथल्या डिस्कच्या एका सामाईक साठ्यात लिहिले जाई.

त्या गृहाचे प्रमुख तात्या, एक वृद्ध आणि मितभाषी गृहस्थ. त्यांच्या हाताखाली दोघे शिकत. एक शिष्य, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा. दुसरी शलाका, त्याच्याहून धाकटी, त्याला दादा म्हणणारी.

तिथे एक रीत होती. मोठा बदल करण्यापूर्वी साठ्याचा स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी गोठवून ठेवायची. काही बिघडले तर मागे फिरता येते. काम निभावले की तो पुसायचा. मात्र ज्याने घेतला त्यानेच पुसायचा, आणि त्याआधी त्याचे नाव मोठ्याने उच्चारायचे. शेजारच्याने तेच नाव म्हणून होकार दिला, की मगच कळ दाबायची. कारण भलताच पुसला गेला, तर तो ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येत नाही.

एके सकाळी, सौदे ऐन रंगात आले असताना, साठा भरत आल्याचा तांबडा दिवा लागला. साठा तुडुंब झाला की लेखन थांबते, आणि लेखन थांबले की कोणता बॉक्स कुणाचा, याला पुरावा उरत नाही. खाली गावोगावचे बागायतदार वर्षभराची मेहनत घेऊन बसलेले. व्यापारी धापा टाकत वर आला. नव्या डिस्क आणायला आत्ता गाडी धाडतो म्हणाला. गाडी परत येईतो साठा आपली वाट पाहणार नाही, असे तात्यांनी त्याला शांतपणे सांगितले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आपले स्वतःचे स्नॅपशॉट पुसायला घेतले. ते एकेक नाव उच्चारीत, शलाका होकार देई.

शिष्य चकित झाला. तात्यांचे स्नॅपशॉट अगदी ताजे, उपयोगाचे. साठ्याची पूर्ण प्रत परगावी सुरक्षित होती, हे खरे; पण ताजे पुसून जागा मिळते ती नखभर. हे आपल्याला कळते आणि तात्यांना कळत नाही? शलाकाचा एकच होता, तिने तोही पुसला. साठा किती भरला ते दाखवणारा पडद्यावरचा पट्टा केसभर मागे सरकला आणि पुन्हा पुढे चालू लागला. तात्यांनी मात्र चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने तो पुसत स्वस्थ बसले.

“आता कुणाचा राहिला?” त्यांनी विचारले. कुणाकडेही न पाहता.

राहिला होता शिष्याचा. मागल्या हंगामात शलाकाने दोन गावांचे बॉक्स एकमेकांच्या नावावर चढवले होते. मोठा बोभाटा झाला, आणि तात्यांनी ते निस्तरायला तिलाच बसवले. त्या गडबडीत शिष्याने एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला. गरज नव्हती, गंमत म्हणून घेतला, असे त्याने स्वतःला सांगितले. पुढे शलाकाचे कुठे कौतुक झाले, की तो हा स्नॅपशॉट गुपचूप उघडून पाही, आणि त्या दिवशी त्याला जेवण जरा गोड लागे.

“माझा आहे एक,” तो म्हणाला. “पण जुना आहे, तात्या. घेतला तेव्हा काहीसुद्धा जागा लागली नव्हती.”

“घेताना कुठल्याच स्नॅपशॉटला लागत नाही. नाव म्हण.”

पट्टा पुढे सरकतच होता. शिष्याने शलाकाला विनवले, की जरा खाली जाऊन सौदे कुठवर आलेत ते पाहून ये. ती म्हणाली, “मी गेले तर होकार कोण देणार, दादा? तात्यांचा चष्मा तर अजून पुसून होत नाहीये.”

त्याने नाव म्हटले. ते ओठांबाहेर पडले नाही. तिने “काय?” म्हणून विचारले, तेव्हा त्याला ते स्पष्ट म्हणावे लागले.

“शलाकाचा घोळ.”

ती पडद्याकडे वळली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “शलाकाचा घोळ. हो.”

त्याने कळ दाबली. धरणाचे दार उघडावे तसा साठा भराभर मोकळा होत गेला. तांबडा दिवा विझला. एवढी जागा एका स्नॅपशॉटने अडवली असेल, यावर शिष्याचा विश्वास बसेना.

तात्या म्हणाले, “मूळ जसंच्या तसं राहिलं असतं, तर तुझा हा गोठवलेला ठसा आजही हलकाच असता. पण मूळ बदललं, की बदललेल्या प्रत्येक तुकड्याची जुनी प्रत त्या ठशासाठी जपावी लागते. त्या दिवसापासून हिने एकेक नोंद उघडून नीट केली. हिने जेवढं सुधारलं, तेवढं जुनं तुला सांभाळावं लागलं. सुधारणाऱ्या माणसाचा दोष जपणं फार जड जातं, बाबा.”

“मग तुम्ही तुमचे का पुसलेत?”

“दुसऱ्याला सोड म्हणण्याआधी आपली मूठ उघडावी. आणि तुला तेवढा वेळ मिळाला. वाटलं होतं, न विचारता बोलशील.”

व्यापाऱ्याने घाम टिपला आणि एवढी जागा खाल्ली तरी कशाने, म्हणून विचारले. शिष्य तोंड उघडण्यापूर्वीच शलाका म्हणाली, “काही नाही शेठ, जुनं होतं. पुसायचं राहून गेलं होतं.”

तिने त्याच्यासाठी पळवाटेचे दार उघडून धरले होते. तिथून निमूट निसटता आले असते. शिष्य व्यापाऱ्याकडे वळला.

“राहून नव्हतं गेलं, शेठ,” तो म्हणाला. “मी ठेवलं होतं.”

व्यापाऱ्याला त्यातले काहीच कळले नाही. तो लगबगीने सौद्याकडे गेला. शलाकाने मान वर केली नाही. आणि ती तिने एवढ्यात वर करू नये, आपल्याला तिच्या नजरेला नजर द्यावी लागू नये, एवढेच शिष्य मनात म्हणत राहिला.