महाराजांच्या गुणांचं फूल

"जितके आमच्या अंगी गुण, तितके फुलाला थर हवेत! एक कमी नको, एक जास्त नको!"

उंबरगोटचे महाराज चंडप्रताप यांनी हुकूम सोडला आणि गावातल्या कारागिरांच्या तोंडचं पाणी पळालं.

गादीचा वाढदिवस जवळ आला होता. हत्तीवरून मिरवायचं म्हणजे मंदिलावर काहीतरी खोवायला हवं. माणकं लावून झाली होती, मोरपीसही झालं होतं. यंदा महाराजांच्या डोक्यात थराथराचं फूल आलं. डोक्यात तशी जागा भरपूर होती.

सोनार लिंगोजीनं पाच थरांचं सोन्याचं फूल घडवून आणलं.

"पाचच?" महाराजांनी डोळे वटारले. "आमच्यात पाचच गुण?"

लिंगोजी मनातल्या मनात मोजायला लागला असावा, कारण उत्तर द्यायला त्याला फार उशीर झाला. त्याची रवानगी तुरुंगात झाली.

मग चितारी नथोबाची पाळी. शहाणा माणूस! त्यानं कागदाच्या रंगीत पाकळ्या एकावर एक चिकटवल्या, त्यावर आणखी चिकटवल्या, हाताला लागेल तो कागद लावला.

"हे फूल आहे की कोबीचा गड्डा?" महाराज गरजले. "आमच्या गुणांची भाजी करतोस?"

नथोबाही आत गेला.

"कमी केले तरी अपमान, जास्त केले तरी अपमान! केवढी ही सूक्ष्म बुद्धी!" दिवाण गुळवे हात जोडून म्हणाले. दिवाणांना दरबारात एवढंच काम होतं, आणि ते मात्र ते मनापासून करत.

"मिरवणुकीपर्यंत फूल आलं नाही, तर हे दोघे पुढच्या वाढदिवसापर्यंत आतच राहतील," महाराजांनी जाहीर केलं.

नथोबाला दमा होता आणि तुरुंगाच्या भिंतींना बारमाही ओल. पुढचा वाढदिवस त्याला दिसणार नाही, हे त्याच्या लेकीला कुणी सांगायची गरज नव्हती. लेकीचं नाव सगुणा. मिशनच्या मडमेकडून ती क्रोशाची सुई चालवायला शिकली होती. गावात लग्न निघालं की रुखवतातला रुमाल सगुणाच्याच हातचा असायचा.

मिरवणुकीच्या सकाळी ती टोपली घेऊन दरबारात उभी राहिली.

"फूल आणलंय, महाराज."

टोपलीतून तिनं दोऱ्याचं फूल काढलं. वर इवल्या पाकळ्या, त्यांच्याखाली मोठ्या, त्यांच्याखाली आणखी मोठ्या. महाराज गादीवरून पुढे वाकले. असं फार क्वचित व्हायचं.

"कसं केलंस गं हे?"

"आधी साखळीचे टाके घालायचे, मग खांबाचे. परत साखळी, परत खांब."

"हे फुलाचं वर्णन आहे की आमच्या तुरुंगाचं?"

"टाके दोन्हीकडे तेच, महाराज. फूल उसवायला दोरा ओढला की झालं. तुरुंग उसवायला आपला हुकूम लागतो."

"जीभ चांगली चालते तुझी! आणि हे थर एकाखाली एक बसतात कसे?"

"नवा थर आधीच्या थराच्या पाठीमागून विणायचा. पुढच्याला पत्ता लागत नाही आणि मागचा मोठा होत जातो. दरबारातल्या मंडळींना हे सांगायला नको."

दिवाणांना एकदम खोकला आला.

महाराजांनी बोट लावून थर मोजले. त्यांच्या भुवया चढल्या. "चारच! त्या सोनारानं निदान पाच तरी केले होते! घाला रे हिला पण—"

"थांबा, महाराज! फूल पुरं झालं असं मी म्हटलंच कुठं?" सगुणानं टोपली कलती केली. फुलाच्या मागून निघालेला दोरा टोपलीतल्या भल्या मोठ्या गुंडीला जोडलेला होता. "दोरा तोडलेला नाही. काम संपल्यावर दोरा तोडायचा असतो. आपले गुण संपले असं म्हणणारी मी कोण?"



"मग ही गुंडी घेऊन हत्तीवर बसायचं आम्ही?" महाराज ओरडले. "दिवाण! तोडा तो दोरा!"

चांदीची कात्री आली. दिवाणांनी ती हातात घेतली, दोऱ्याजवळ नेली आणि तशीच मागे घेतली. दोरा तोडायचा म्हणजे महाराजांचे गुण चारावर संपले असं भर दरबारात सांगायचं!

"हे... हे शस्त्राचं काम," म्हणत त्यांनी कात्री सेनापतींच्या हातात कोंबली.

सेनापतींनी आयुष्यात इतकं धारदार शस्त्र धरलं नव्हतं. "छे! असं नाजूक काम राजकवींचं!"

राजकवींना नेमकी तेव्हाच कविता सुचली. ते डोळे मिटून बसले.

"एवढ्या दरबारात एक दोरा तोडणारा मर्द नाही?" महाराज कडाडले.

"आपण स्वतः तोडा ना," सगुणा म्हणाली. "आपले गुण किती, ते आपल्याशिवाय कुणाला ठाऊक?"

महाराजांनी कात्री हिसकावली, दोरा पात्यांत धरला... आणि तिथेच थांबले. फुलाकडे पाहिलं. गुंडीकडे पाहिलं.  मग महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसत सुटले की मंदिल कानावर आला!

"अडकवलंस, पोरी! आमच्याच हुकुमात आम्हाला अडकवलंस! अरे, त्या सोनाराला सोडा, चिताऱ्याला सोडा! आणि दिवाण, मिरवणुकीत गुंडी धरून हत्तीच्या मागे तुम्ही चालायचं!"

"हत्तीच्या... अगदी मागे, महाराज?"

"आमच्या गुणांचा भार तुम्हीच तर इतकी वर्षं वाहताय!"

नथोबाला शिपायांनी आणलं. सगुणा धावत त्याच्या गळ्यात पडली. इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला आता आवरेना.

"पुरे, पुरे. हातभर सोन्याच्या बांगड्या देतो तुला," महाराज म्हणाले. "आणखी काय हवं? माग!"

सगुणानं पदरानं डोळे पुसले.

"ती कात्री द्या, महाराज. दरबारात ती कुणी वापरत नाही."