चिमी मुंगीचं बोटभर श्रीखंड

ऐका हं, सोनुल्यांनो. विराट राजाचं होतं भलंमोठं स्वयंपाकघर. तिथे बल्लव आचारी होता. बल्लव म्हणजे आपला भीमच बरं का, वेष पालटलेला! त्याच्या हातचं श्रीखंड म्हणजे अहाहा! पण आचाऱ्याने आधी चाखायचं नाही, असा तिथला रिवाज. म्हणून पहिलं बोटभर श्रीखंड उंबऱ्यावर, चिमी मुंगीला. चिमीने चाटलं की मगच राजाचं ताट.

एक दिवस बल्लव राजवाडा सोडून गेला. उंबरा कोरडा. चिमीला भूक लागली. त्याहून जास्त त्याची आठवण आली. तिला करमेचना.

चिमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. नवा आचारी म्हणाला, "दूधच नाही, चक्का कशाचा बांधू? गाईला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.
"गाई गाई, दूध दे.
दूध आचाऱ्याला,
श्रीखंड मुंगीला."
गाय म्हणाली, "बल्लव मला चारा घालायचा. आधी गवत आण."

तुरुतुरु तुरुतुरु.
"गवता गवता, हिरवं हो.
गवत गाईला,
दूध आचाऱ्याला,
श्रीखंड मुंगीला."
गवत म्हणालं, "बल्लव मला पाणी घालायचा. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु.
"विहिरी विहिरी, पाणी दे.
पाणी गवताला,
गवत गाईला,
दूध आचाऱ्याला,
श्रीखंड मुंगीला."
विहीर म्हणाली, "बल्लव माझी मोट ओढायचा. आता हत्तीला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.
"हत्तीदादा, ऊठ ना.
मोट विहिरीला,
पाणी गवताला,
गवत गाईला,
दूध आचाऱ्याला,
श्रीखंड मुंगीला."

हत्ती काही उठेना. बल्लव रोज पाठीवर थाप मारायचा, धप्प! ती थाप हवी म्हणून हत्ती रुसून बसला होता.

चिमी चढली पाठीवर. सहाही पाय आपटले. हत्तीला कळलंसुद्धा नाही. मग ती त्याच्या कानाशी गेली. हळूच म्हणाली, "मलाही त्याची फार आठवण येते रे."

हत्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तो उठला, धपाक धपाक.

मोट निघाली, करकर करकर.
पाणी गवताला, खळखळ खळखळ.
गवत गाईला, कचकच कचकच.
दूध आचाऱ्याला, चुर्र चुर्र.
दही लागलं. चक्का टांगला, टप टप टप.

नव्या आचाऱ्याने श्रीखंड घोटलं. पहिलं बोटभर उंबऱ्यावर ठेवलं. चिमीने चाटलं. गोड होतं. वेलची होती. बल्लव नव्हता.

आचारी खाली बसला. "त्याच्यासारखं झालंय का गं?"

"नाही," चिमी म्हणाली.

आचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

चिमीने त्याच्याकडे पाहिलं. उरलेलं श्रीखंड चाटून चाटून संपवलं.

"पण उद्याही ठेव हं, दादा."