केरबाअण्णांची निळी नखं

पैंजणांसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या एका गावात केरबा पोतदार नावाचे चांदीचे कारागीर राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. विकलेल्या दागिन्यात खोट निघाली, तर चौकात शेगडी मांडायची आणि तो चारचौघांसमोर आटवायचा. अण्णांच्या हयातीत ती शेगडी एकदाही चौकात आली नव्हती, आणि ही गोष्ट ते दिवसातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत.

एकदा पाहुण्यांकडून अण्णांना चांदीच्या पाण्याची युक्ती कळली. पेलाभर पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, त्यांना बॅटरी जोडायची, की औषध तयार. सर्दी म्हणू नका, खोकला म्हणू नका, सगळ्यावर तेच! अण्णांनी तारा स्वतः पारखून घेतल्या. चांदी अस्सल होती. मग पाण्यात खोट कुठून येणार? ते रोज सकाळी पेलाभर पाणी पिऊ लागले. बाटल्यांवर आपला शिक्का लावून गावातही फुकट वाटू लागले.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग अण्णांच्या मनात आलं, अंगणवाडीतल्या मुलांनाही रोज चमचाभर द्यावं. त्यासाठी गाव चौकात जमलं. आरोग्य उपकेंद्रातल्या मालनबाई नर्स तेवढ्या आडव्या आल्या.

“अण्णा, तुमच्या तराजूला गुंजभरसुद्धा चूक माहीत नाही. मग एका चमच्यात चांदी किती उतरते, तेवढं सांगा.”

अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “बाई, चांदीच्या ताटात राजे जेवले. आणि आमच्या घरचा माल खोटा निघालेला कधी ऐकलासा का?”

गाव खो खो हसलं. हे काही उत्तर नव्हतं, पण गावाला पटलं. सोमवारपासून मुलांना पाणी द्यायचं ठरलं.

अण्णा ऐटीत घरी आले, पण बाईंचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. हात धुताना त्यांचं लक्ष नखांकडे गेलं. मुळाशी निळसर करडी झाक दिसत होती. कामाचा मळ असेल म्हणून त्यांनी रिठ्याचं पाणी घेतलं. काळवंडलेली चांदी रिठ्यानं लख्ख होते. अण्णांनी ब्रशनं नखं घास घास घासली, तरी निळी ती निळीच. मग खिडकीशी आरसा नेऊन पाहिला, तर हिरड्यांवरही तीच झाक. रोज प्यायलेली चांदीच अंगात उतरली होती. आपण तारा पारखल्या, पाणी कधी पारखलंच नाही!

त्यांच्या पत्नी अनुसयाबाई म्हणाल्या, “तारा तुटल्या म्हणून सांगा आणि गप बसा. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“आणि ज्यांच्या घरात बाटल्या हाईत, ती पोरं पीतच राहतील,” अण्णा म्हणाले. “शिक्का माझा हाय, अनुसया.”

सोमवारी सकाळी अण्णांनी स्वतः शेगडी उचलून चौकात आणली. दवंडी देऊन घराघरातल्या बाटल्या मागवल्या. एकेक बाटली खड्ड्यात ओतली आणि त्या दोन्ही तारा सगळ्यांसमोर आटवल्या. मग दहाही बोटं वर करून ते म्हणाले, “माझा माल खोटा निघाला. बाई, तुमच्या प्रश्नाला उत्तर न्हवतं, म्हणून मी घराण्याचा तोरा मिरवला.”

कोणी हसलं नाही. घराण्याचं नाव आज बुडालं, असं अण्णांना वाटलं. तेवढ्यात मालनबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, तुमच्या शिक्क्यावर मी आजपासून डोळे झाकून विश्वास ठेवीन.”

डॉक्टरांनी सांगितलं, हा रंग आता जायचा नाही. अण्णांनीही तो कधी लपवला नाही. आजही परगावचं गिऱ्हाईक दुकान विचारत आलं, की गावकरी छाती फुगवून सांगतात, “निळ्या नखांच्या अण्णांकडं जावा. त्यांनी स्वतःची खोट स्वतः चौकात आणली.”

तात्पर्य: ज्याला आपल्या नावाचा खरा अभिमान असतो, तो आपली चूक स्वतःच चारचौघांत कबूल करतो, आणि जे पारखलेलं नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला पाजत नाही.