कडेचं घर

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं, आणि त्याच्या माथ्यावर दाट रान. दर उन्हाळ्यात वणव्याचं भय असे. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. गवत अर्धं ओलं, अर्धं वाळलेलं असताना, रान आणि घरं यांच्यामधला एक पट्टा लोक स्वतःच जाळून टाकत. मग वैशाखात वणवा आलाच, तर त्या काळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नसे.

हा पट्टा कधी जाळायचा, हे मात्र पाटील ठरवत नसे. ज्याचं घर रानाला सगळ्यात जवळ, त्याने हो म्हटल्याशिवाय गवताची पेटती चूड लावायची नाही, असा नेम होता. ते कडेचं घर सगुणाबाईचं. गवताने शाकारलेलं, दारात दोन म्हशी.

पाटील तसा वाईट नव्हता. त्याला फक्त वाट बघणं जमत नसे. त्या वर्षी त्याने हौसेने चार गावांचे पाटील जेवायला बोलावले. आपलं गाव आग कशी कह्यात ठेवतं, हे त्यांना दाखवायचं होतं. घरात पुरण शिजलं, गावकरी आग झोडपायला हिरव्या फांद्या घेऊन उभे राहिले.

सगुणाबाईने मूठभर माती हवेत सोडली आणि मान हलवली. "आज नको, पाटील. वारा वरनं खाली उतरतोय."

पाहुणे मुक्कामाला राहिले, पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाहुण्यांतला एकजण गालात हसला. "तुमच्या गावचा पाटील कोण म्हणायचा? तुम्ही, की ही बाई?"

हे पाटलाच्या फार जिव्हारी लागलं. त्याने चूड हातात घेतली.

"पाटील, खाली माझं घर हाय," सगुणाबाई म्हणाली.

"एवढी माणसं उभी आहेत. काही होत नाही," म्हणत पाटलाने पट्ट्याच्या वरच्या टोकाला आग लावली.

एरवी आग हळूहळू, रांगत खाली यायची. त्या दिवशी ती धावत सुटली. माणसांनी फांद्यांनी झोडपलं, पाहुण्यांनीही झोडपलं, पण काही उपयोग झाला नाही. सगुणाबाईने म्हशींची दावी तेवढी सोडली. घर बघता बघता जळून गेलं. खालची शेतं नुकती नांगरलेली होती, म्हणून गाव वाचलं.

पाटलाला मान वर करवेना. तो कसाबसा म्हणाला, "बाई, चुकलो मी."

"चुकलात खरं," सगुणाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण पट्टा अर्धाच जळलाय. उरलेला तसाच ठेवला तर उन्हाळ्यात सगळंच जाईल."

पाटलाने सगुणाबाईला आपल्या चौसोपी घरात राहायला नेलं, आणि तिचं घर नव्याने उभं राहीपर्यंत स्वतः बायकामुलांसह जळक्या जागेवर झोपडी घालून राहिला. आता कडेचं घर त्याचं होतं, आणि हो म्हणायचा हक्कही त्याचाच.

गाव पुन्हा फांद्या घेऊन जमलं. पाटलाने माती सोडून बघितली, मग झोपडीकडे बघितलं. दारात धाकटी लेक भातुकली मांडून बसली होती.

"आज नको," पाटील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उद्या बघू." असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी वारा पुरता पडला होता, गवतावर दंव होतं. सगुणाबाई हसून म्हणाली, "पाटील, आज लावा की. याहून चांगला दिवस मिळायचा नाही."

"खात्री आहे ना, बाई? पुन्हा एकदा माती सोडून बघता का?"

तिने बघितली. मग पाटलाने चूड टेकवली. आग रांगत रांगत खाली आली आणि झोपडीच्या कितीतरी अलीकडे, फांद्यांच्या मारात निमूट विझली. लेकीने खेळातून मान वर करूनही पाहिलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: निर्णयाची झळ ज्याला आधी बसणार, त्याचं म्हणणं आधी ऐकावं, आणि ते पटत नसेल, तर चार दिवस त्याच्या घरात राहून बघावं.